शेजारच्या घरात गाडी पाठवायचीय : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरातल्या मॉडेल रेल्वेवर मागच्या अंकात लिहिलं आणि कोल्हापुरातून पत्रांचा नुसता पाऊस पडला, त्यातली निम्मीअधिक पत्रं एकाच गोष्टीवर: आमच्याकडे लेआउट (टेबलावर मांडलेली छोटी रेल्वे) आहे, शेजाऱ्याकडेही आहे, मग मध्ये रूळ टाकला तर? म्हणून यावेळचं सगळं पान याच विषयाला दिलंय. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो म्हणजे खालची उत्तरं कुठून येतायत ते कळेल. दोन लेआउट जोडा, जरूर जोडा, पण त्यांचा एकच लेआउट करू नका. मधला जोड काढून ठेवला तरी दोन्ही घरची रेल्वे आपापली धडधडीत चालली पाहिजे. एकजण परगावी गेला, कुणाचं घर रंगवायला काढलं, कुणाच्या इंजिनात बिघाड झाला, तर दुसऱ्याचा खेळ बंद पडता कामा नये.

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत राहतो. मी आणि शेजारचे काका, दोघांचेही एचओ स्केलचे (खऱ्या रेल्वेच्या १:८७ मापाचे) लेआउट पहिल्या मजल्यावर आहेत. दोन घरांच्या भिंतींत साधारण ९ फुटांचं अंतर आहे आणि खालची जागा आमच्या दोघांचीच आहे, रस्ता नाही. वरून पूल टाकून गाडी इकडून तिकडं न्यायचीय. टेपनं मोजलं तर काकांचं टेबल ११ सेंटिमीटर उंच भरतंय. चढ चालेल का? आणि पावसाचं काय करायचं?

नाद खुळा काम आहे, नक्की करा. आणि हे काही जगावेगळं नाही बरं का, जर्मनीत हॅम्बुर्गला मिनिआटुअर वुंडरलँड म्हणून एचओचं प्रचंड मोठं प्रदर्शन आहे, २००१ला सुरू झालेलं, त्यांनी २०२१मध्ये कालव्यापलीकडच्या गोदामात जागा वाढवली आणि मध्ये काचेचा पूल बांधून त्यावरून या छोट्या गाड्या पलीकडे नेल्या. तुमचं अंतर तर फक्त ९ फूट.

आधी त्या ११ सेंटिमीटरकडे बघू. तुम्ही टेप फरशीपासून लावला असणार, आणि दोन घरांच्या फरश्या एका लेव्हलला असतील असं धरून चालता येत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी आणा, त्यात पाणी भरा, एक टोक तुमच्या रुळाच्या माथ्याशी धरा, दुसरं खिडकीतून काकांच्या रुळाशी, पाणी स्थिर झालं की दोन्हीकडं पेन्सिलनं खूण करा आणि मग काय फरक येतो तो खरा. नळीत एकही बुडबुडा नको, नाहीतर सगळं माप वाया.

फरक खरंच ११ निघाला असं धरू. आपल्या गाड्यांना २ टक्के चढ सुखाचा, म्हणजे १ मीटरला २ सेंटिमीटर. या हिशोबानं ११ सेंटिमीटर चढायला साडेपाच मीटर लागतात आणि तुमचा पूल पावणेतीन मीटरचा, म्हणजे निम्मंच काम होतंय. चढ दुप्पट करून ४ टक्के केला तर गाडी चढेलही, पण डबे कमी करावे लागतील आणि दमट हवेत चाकं जागच्या जागी फिरायला लागतील. खऱ्या रेल्वेत भोर घाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के, आणि तेवढ्यासाठीसुद्धा मुंबईहून पुण्याकडं येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. म्हणून मी म्हणेन पूल सपाट ठेवा आणि टेबलांच्या पायांशी खेळा, तुमचं टेबल ५-६ सेंटिमीटर वर घ्या, काकांचं तेवढंच खाली, संपला विषय. टेबल हलत नसेल तर घरातल्या घरात भिंतीकडेनं लांब चढ द्या, पण पुलावर नको, कारण पुलावर अडकलेली गाडी काढणं सगळ्यात किचकट.

आता पूल. लाकडाचा करू नका, प्लायचा तर मुळीच नाही, आपल्या पावसात फुगून वाकडा होतो. कारखान्यांत वायरी न्यायला जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचे) केबल ट्रे वापरतात ना, झाकणासकट मिळतात, तो १५० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर उंच असा घ्या. एचओमध्ये आपला डबा जेमतेम ३७ मिलिमीटर रुंद आणि ४६ मिलिमीटर उंच भरतो, त्यामुळं एका रुळाला जागा भरपूर आणि डबा घसरला तर वरचं झाकण काढून हात घालता येतो. गोल पीव्हीसी पाइपमधूनही लोक नेतात, पण पाइपच्या मधोमध डबा पडला की काठीनं ढोसत बसायचं, मला ते पटत नाही. ट्रेच्या खाली दोन बाजूंना लोखंडी अँगल लावून घ्या म्हणजे मधे झोळ पडणार नाही, हे काम उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं होतं, फक्त त्याला सांगा की वरून माणूस चालणार नाही, नाहीतर तो खऱ्या रेल्वेचा पूल बनवून देईल एवढा जड. दोन्ही टोकांना साखळी लावून भिंतीतल्या हुकात अडकवा, खाली कुणी उभं असेल तर डोक्यावर यायला नको.

भिंत फोडायची गरज नाही. सरकती खिडकी असेल तर तिच्या चौकटीत एका कडेला प्लायची उभी पट्टी बसवा, तिला चौकोनी भोक पाडा, ट्रे त्यातून आत घ्या आणि आतल्या बाजूनं छोटं दार करा जाळीचं. हे दार विसरू नका. पाली, मुंग्या आणि उंदीर यांना झाकलेला कोरडा बोगदा म्हणजे आयता वाडा, आणि मुंग्या पॉइंटच्या (गाडीची वाट बदलणाऱ्या रुळाच्या) मोटरमध्ये शिरल्या की मोटर गेलीच म्हणून समजा. शिवाय एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात ऐकू जातं, तेव्हा गाडी नसताना दार बंद.

रूळ निकेल सिल्व्हरचेच घ्या. स्वस्त सेटमध्ये स्टीलचे येतात ते एका पावसाळ्यात गंजतात. ३ मीटर रुळाला ४० अंशांचा फरक पडला तर तो साधारण २ मिलिमीटर वाढतो, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत एवढा फरक सहज पडतो, तेव्हा मध्ये दोन जोडांना १-१ मिलिमीटर फट सोडा आणि त्या जोडांवर सोल्डर नको. झाकणाला वरून पांढरा रंग मारा, तेवढंच आत कमी तापतं.

पूल आणि टेबल जिथं मिळतात तिथं मला सगळ्यात आवडलेली युक्ती म्हणजे दाराची पितळी कडी. दोन रुळांसाठी दोन कड्या, कडी पुलावर आणि तिचं घर टेबलावर, सरकवली की रूळ समोरासमोर येतात आणि रुळाची वीजही कडीतूनच जाते, वेगळी वायर नको. आता पुढची पायरी: टेबलावरचा पुलाच्या अलीकडचा मीटरभर रूळ दोन्ही बाजूंनी तोडून वेगळा करा आणि त्याची वीज याच कड्यांतून परत आणा. मग पूल काढलेला असेल तेव्हा तो मीटरभर आपोआप मेलेला राहतो आणि इंजिन भरधाव येऊन खिडकीतून खाली जात नाही.

पावसाचं उत्तर सोपं आहे, मृग लागायच्या आधी पूल उतरवा आणि दिवाळीला चढवा. झाकण कितीही चांगलं असलं तरी आपल्याकडचा पाऊस आडवा येतो. खऱ्या लाइनवरसुद्धा २०१९च्या महापुरात पंचगंगेच्या पाण्यानं गाड्या बंद होत्याच की. तुमच्या पुलाला रुकडीजवळच्या पंचगंगा पुलासारखे गर्डर लावले, तुमच्याकडं कोल्हापूर टर्मिनस, काकांकडं हातकणंगले, तर पावसाळ्यातली बंदी पण वेळापत्रकात शोभून दिसेल.

एकच गोष्ट कागदावर लिहून घ्या, दोघांनी सही करा: पूल कुणाच्या खर्चाचा, घर विकलं तर काढायचा कुणी. खाली महापालिकेची गल्ली असती तर मी सरळ नको म्हटलं असतं, परवानगीशिवाय सार्वजनिक जागेवर काही लटकवायचं नाही. आणि वीजमंडळाच्या सर्व्हिस वायरपासून लांब राहा, लोखंडी ट्रे चढवताना तर खासच.

प्रश्न : कोल्हापुरातल्या संभाजीनगरात आमची रो-हाउस आहेत, मधली भिंत दोघांची. मित्राच्या आणि माझ्या, दोन्ही लेआउटवर डीसीसी (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारी डिजिटल पद्धत) आहे. भिंतीला भोक पाडून रूळ जोडला. पण त्याचं इंजिन माझ्याकडं आलं की माझं इंजिन पण त्याच्यासोबत पळायला लागतं, आणि जोडावरून जाताना दोन्हीकडची पॉवर ट्रिप होते. काय चुकतंय?

दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं, नवीन डिकोडर (इंजिनातली हुकूम ओळखणारी चिप) कंपनीतून येतो तो ३ नंबरच्या पत्त्यावर, आणि तुम्ही दोघांनीही तो बदललेला नाही. म्हणजे तुमच्या रुळावर दोन इंजिनं एकाच नावाला ओ देतायत. चार आकडी पत्ते द्या, आणि आपापसांत ठरवा, तुमची सगळी इंजिनं २०००च्या घरात, त्याची ५०००च्या घरात, किंवा इंजिनावर रंगवलेल्या नंबरातले शेवटचे चार आकडे घ्या, ते लक्षात ठेवायला बरे. दोघांची मिळून एक यादी करा आणि दोन्ही घरी भिंतीला चिकटवा.

दुसरं दुखणं जोडाचं. डीसीसीमध्ये रुळातून वीज आणि हुकूम दोन्ही एकत्र जातात, दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असते, आणि तुमची दोन कमांड स्टेशनं (हुकूम सोडणारी यंत्रं) एकमेकांना विचारून हे करत नाहीत. इंजिनाची पुढची चाकं त्याच्याकडं आणि मागची तुमच्याकडं असली की दोन वेगळे प्रवाह इंजिनातून एकमेकांना भिडतात, तोच शॉर्ट.

उपाय असा की मध्ये एक सामाईक तुकडा करायचा, दोन्ही टोकांना दोन्ही रूळ प्लॅस्टिकच्या जॉइनरनं तोडलेले, आणि तो तुकडा एका डीपीडीटी (दोन्ही रुळांच्या वायरी एकदम बदलणाऱ्या) स्विचवर घ्यायचा, मधे ऑफ असलेला. वर केला की तुमची वीज, खाली केला की त्याची. गाडी पूर्ण तुकड्यात आली, थांबवली, स्विच फिरवला, आता ती त्याची गाडी. तुकडा गाडीपेक्षा लांब पाहिजे हे मात्र पक्कं. एलएचबी (नव्या पद्धतीचा लांब) डबा एचओमध्ये साधारण २७ सेंटिमीटर पडतो, इंजिन २४, म्हणजे ८ डब्यांच्या गाडीला २ मीटर ४० झाले, तुम्ही पावणेतीन धरा. डब्यांत दिवे नसतील आणि चाकं प्लॅस्टिकची असतील तर फक्त इंजिनापुरता तुकडा चालतो, पण आज नाही उद्या दिवे लावणारच तुम्ही.

एकच कमांड स्टेशन ठेवून दुसऱ्या घरात बूस्टर (तेच हुकूम ताकदीनं पुढं नेणारं यंत्र) लावायचाही मार्ग आहे, पण मग तुम्ही घरात नसाल तर मित्राची गाडी बंद. मी वर म्हटलं तेच, दोन्ही घरं आपापली उभी राहिली पाहिजेत. हवं तर संगणकावर जेएमआरआय हे फुकट सॉफ्टवेअर टाका, मग मोबाइलवरूनच इंजिन चालवता येतं, आणि मित्र तुमच्या वायफायवर आला की त्याच्या मोबाइलवरून तुमच्याकडचं इंजिन तोच थांबवू शकतो.

२३० व्होल्टची वायर एका घरातून दुसऱ्या घरात अजिबात नेऊ नका, एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा नाही. दोन घरांचे मीटर वेगळे, फेज वेगळी असू शकते, अर्थिंग वेगळं. ज्याचा ट्रान्सफॉर्मर त्याच्याच घरात राहील, भिंतीतून फक्त रुळाची कमी व्होल्टची वायर. आणि एप्रिल-मेमध्ये वळीव गडगडायला लागला की जोड काढून दोन्हीकडचे प्लग उपटून ठेवायचे.

प्रश्न : शिवाजी पेठेत आमचा जुना वाडा आहे, आजोबांच्या वेळचा. शेजारच्यांची आणि आमची भिंत एकच, दीड-दोन फूट जाड. नातवंडांसाठी तीतून रूळ न्यायचा म्हणतोय. कोर कटिंगवाला बोलावू का?

नको. जुनी भिंत वरचे तुळया-मजले पेलत असते आणि आत दगड कुठं, माती कुठं हे बाहेरून कळत नाही. मशीन लावल्यावर आतला भराव ढासळायला लागला तर दोन्ही घरं अडचणीत. आधी जुन्या बांधकामातला इंजिनिअर दाखवा. बऱ्याच वाड्यांत मधल्या भिंतीत एखादा बुजवलेला कोनाडा किंवा दार असतं, ते सापडलं तर त्याच्या चौकटीतून वाट मिळेल. नाहीतर माडीच्या खिडक्यांतून बाहेरनं वळसा घाला, वर राजारामपुरीच्या वाचकांना सांगितलंय तसा.

प्रश्न : माझा लेआउट एचओ आहे, शेजारच्या मित्राचा एन. रूळ कधीच जुळणार नाहीत का?

जुळणार नाहीत, एचओचा रूळ १६.५ मिलिमीटर आणि एनचा ९, गाडीचा आकारसुद्धा १:८७ आणि १:१६०. पण तुम्हाला तर मी नशीबवान म्हणेन, कारण आपल्याच भागात याला उत्तर आहे. मिरज जंक्शन आठवा. कोल्हापूर-मिरज लाइन १८९१ला सुरू झाली ती मीटरगेज, पुढं ब्रॉडगेज आलं, आणि कुर्डुवाडीकडून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज मिरजेला यायची, म्हणजे एका काळात या एका स्टेशनात तिन्ही गेज नांदत होते. माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायचा, हमाल, बैलगाड्या, पोत्यांच्या थप्प्या, सगळा बाजारच.

आता गंमत बघा, बार्शी लाइटचं गेज ७६२ मिलिमीटर, त्याला ८७नं भागा, पावणेनऊच्या आसपास येतं. म्हणजे मित्राचा ९ मिलिमीटरचा रूळ हा एचओच्या जगातला जवळजवळ हुबेहूब नॅरोगेज आहे! युरोपात लोक याला एचओई म्हणतात. मित्राच्या एखाद्या जुन्या एन इंजिनाचं चेसिस घ्या, वर कार्डशीटची बॉडी करा, मात्र १:८७च्या मापानं, आणि ती गाडी त्याच्या घरातून तुमच्या घरात येऊ द्या. तुमच्याकडं मिरजेचं यार्ड करा, एका फलाटाच्या अलीकडं मोठी लाइन, पलीकडं छोटी. मित्राचा बाकीचा एन लेआउट आहे तसा राहू दे, त्याला हात लावू नका, फक्त त्याच्या घरातून एक फाटा एचओईचा निघेल. दोन सारख्या लेआउटच्या जोडापेक्षा मला हा जोड जास्त श्रीमंत वाटतो, कारण इथं गाडी नुसती पलीकडं जात नाही, दोघांना मिळून काम करावं लागतं.

प्रश्न : माझा मुलगा आणि शेजारचा मुलगा, दोघांच्या गॅलरीतून रूळ जोडून दिलाय. पण दोघं एकाच वेळी गाड्या सोडतात, मध्ये टक्कर होते आणि मग भांडणं. काढून टाकू का? (एक आई, प्रतिभानगर)

काढू नका ताई, खऱ्या रेल्वेनं हे भांडण कधीच मिटवलंय, तेच मुलांना शिकवा, त्यांना ते फार आवडेल. दोन स्टेशनांमधल्या लाइनला ब्लॉक सेक्शन म्हणतात आणि नियम एकच, सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढचा स्टेशन मास्तर लाइन क्लिअर देत नाही तोवर गाडी सुटत नाही. एकेरी लाइनवर याच्यासाठी नील्स बॉल टोकन नावाचं यंत्र असायचं, दोन्ही स्टेशनांत एकेक, तारेनं जोडलेलं. दोन्ही मास्तरांनी मिळून चालवलं तरच त्यातून एक लोखंडी गोळा बाहेर पडायचा, तो पिशवीतून ड्रायव्हरच्या हातात, आणि पुढच्या स्टेशनात तो गोळा तिथल्या यंत्रात टाकेपर्यंत दुसरा गोळा कुठल्याच टोकाला निघायचा नाही.

घरी हे असं करता येईल. मधल्या रुळाला जाणारी वायर दोन स्विचांतून न्या, एकापुढे एक, एक स्विच तुमच्याकडं आणि एक शेजारी. दोघांनीही चालू केला तरच मधल्या रुळात वीज, एकानं बंद ठेवला की गाडी कितीही ओढून पाठवा, जागेवर उभी. सोबत दोन्हीकडं बॅटरीवरची बेल लावा आणि रेल्वेचेच ठोके वापरा: एक ठोका म्हणजे लक्ष दे, दोन म्हणजे लाइन क्लिअर आहे का, तीन म्हणजे गाडी सेक्शनमध्ये शिरली, चार म्हणजे गाडी पोचली, सहा म्हणजे धोका, थांबव. ज्यानं ठोके दिले त्याला समोरच्यानं तेवढेच ठोके परत द्यायचे, म्हणजे ऐकलं हे कळतं. एक वही ठेवा, गाडीचं नाव, सुटली किती वाजता, पोचली किती वाजता. बघा, टक्कर तर थांबेलच, पण दोन दिवसांत मुलांना गाडी पळवण्यापेक्षा बेलमध्येच जास्त रस वाटायला लागेल.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. आम्ही ताराबाई पार्कात फ्लॅटमध्ये राहतो आणि माझी मैत्रीण समोरच्या बिल्डिंगमध्ये. मध्ये रस्ता आहे. आमचा पण जोड होईल का?

होईल बाळा, रूळ न टाकता होईल. दोघींनी आपापल्या लेआउटच्या एका टोकाला एक सरळ रूळ ठेवा, भिंतीपाशी संपणारा. तिथं गाडी गेली म्हणजे ती सेक्शनमध्ये शिरली. मग तू ते डबे पेटीत भरून खाली उतरून तिच्याकडं न्यायचे आणि ती आपल्या टोकाच्या रुळावर लावून पुढं चालवणार. बेलच्या जागी फोन, वर सांगितलेले सगळे नियम तेच, तिनं लाइन क्लिअर दिल्याशिवाय तू डबा हलवायचा नाही. पेटीसाठी बुटांचा खोका चालतो, आत फोमच्या पट्ट्या उभ्या लाव म्हणजे डबे एकमेकांवर घासत नाहीत, इंजिन मात्र वेगळं गुंडाळून. प्रत्येक डब्यासोबत एक चिठ्ठी लिही, आत काय माल आहे आणि कुठं जायचाय, गूळ असेल तर गूळ, साखर असेल तर साखर, तिनं ती बघून ठरवायचं कुठल्या सायडिंगला लावायचा. आधी दोघी मिळून दोन्ही घरच्या कपलिंग (डबे जोडणाऱ्या कड्या) एकाच जातीच्या आहेत का तेवढं तपासा, नसतील तर निदान ये-जा करणाऱ्या डब्यांच्या बदलून घ्या. आणि सुट्टीत पुण्याला गेलात तर कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ला सुरू केलेलं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, ते दोघी बघून या, तिथं सिग्नलप्रमाणं गाड्या कशा थांबतात ते नीट बघ आणि पुढचा प्रश्न तिथूनच घेऊन मला लिही.